'घराचे काही येणार नाहीत, जागेचेच येतील'

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिकेचं माहेर सांगलीत, गावभागात. वडिलांनी १९८४ साली जागा विकत घेऊन स्लॅबचं घर बांधलं. २०२० मध्ये ते गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. शहात्तर वर्षांची आई तिथं एकटी राहते. भाऊ बंगळुरूला, या स्वतः पुण्यात. २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत घरात पाणी शिरलं. आईनं यापुढे तिथं पावसाळा काढू नये, असं दोघा भावंडांना वाटतं. विकण्याआधी किंमत कळावी म्हणून तीन एजंटांना घर दाखवलं. पहिला म्हणाला ८५ लाख. दुसरा ६२. तिसरा ५५ म्हणाला, पण 'पार्टी तयार आहे, आठवड्यात इसार देतो' असंही म्हणाला. भावाला ८५ वाल्याकडेच घर सोपवायचं आहे. त्याआधी घराला रंग द्यायचा, पुरानंतर वर चढवलेले स्विचबोर्ड पुन्हा खाली घ्यायचे आणि पाण्याचा विषय आपण होऊन काढायचा नाही, असा त्याचा बेत आहे. दुसऱ्या एजंटनं आईसमोरच भिंतीवर बोटाचं पेर वाजवून 'घराचे काही येणार नाहीत, जागेचेच येतील' असं सांगितलं. तेव्हापासून आई घरात एजंटचं नाव काढू देत नाही. 'निर्णय काय तो आई आणि दादा घेतील, मी नुसती चौकशी करतेय. पण खरी किंमत नेमकी कोणाची धरायची?' असं त्या विचारतात.

ताई,

बँकेच्या कर्ज विभागात माझी बावीस वर्षं गेली. त्यातली निम्मी दुसऱ्यांच्या घरांचे व्हॅल्युएशन रिपोर्ट वाचण्यात. तेव्हा पेरानं भिंत वाजवणारे मी पुष्कळ पाहिलेत. भिंत वाजवून प्लास्टर पोकळ झालंय का ते कळतं, हे खरं. घराची किंमत कळत नाही.

तुम्ही 'खरी किंमत' विचारताय. मला वाटतं, तिघांनी तुम्हाला तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत आणि तुम्ही ती एकाच प्रश्नाची समजून ताडून बघताय. ८५ वाल्यानं सांगितलं, हे घर विकायला माझ्याकडे यावं म्हणून मी किती बोलू शकतो. ५५ वाल्यानं सांगितलं, माझ्या ओळखीतला एक माणूस किती देईल. म्हणजे तो गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलतोय, आणि दलाली बहुतेक दोन्हीकडून घेईल. ६२ वाल्याचं बोलणं कडू लागलं, तरी त्यानं निदान हिशेब मांडला. तुमच्या पत्रातच आहे तो: 'दीड गुंठा जागा, तीन हजार आठशे रुपये चौरस फूट.' एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दीड गुंठा १,६३३. गुणाकार बरोबर ६२ लाखांवर येतो.

आता गंमत बघा. पत्रात आणखी एका ठिकाणी, सहज म्हणून, तुम्ही लिहिलंय की मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, क्षेत्र १६८ चौरस मीटर आहे. एका चौरस मीटरचे साधारण १०.७६ चौरस फूट होतात. म्हणजे तुमची जागा १,८०० चौरस फुटांच्या थोडी वर, १,८०८ च्या आसपास आहे. 'दीड गुंठा' हे आपलं बोलायचं माप. बोलण्यात मधले पावणेदोनशे चौरस फूट गळून गेले. त्याच एजंटच्या त्याच दरानं त्यांचे साडेसहा लाखांच्या वर होतात. त्यानं मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. सांगलीत काय किंवा मिरजेत काय, सगळे असंच बोलतात. पण तिघांपैकी एकानंही मिळकत पत्रिका मागितली नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. कागद न बघता आकडा सांगणारा माणूस घराबद्दल नाही, तुमच्याबद्दल अंदाज बांधत असतो. गरज किती आहे, घाई किती आहे, भावंडांत एकमत आहे का.

म्हणून पुढचा एजंट आला की 'किती येतील?' हे शेवटी विचारा. आधी विचारा, 'कसे?' क्षेत्र कुठून धरलंत? दर कुठल्या व्यवहारावरून? गेल्या दोन वर्षांत या गल्लीत किंवा शेजारच्या गल्लीत कुठलं घर गेलं, केवढ्याला? बांधकामाचं काय धरलंत? तुमची दलाली किती, ती कोणाकोणाकडून? आणि हे सगळं एका कागदावर लिहून देता का? चांगल्या एजंटला हे प्रश्न आवडतात. त्यालाही फुकटचे फेरे नको असतात. जो म्हणेल, 'ताई, तुम्ही कशाला त्यात पडता, आमच्यावर सोडा', त्याला चहा द्या आणि सोडा.

दरासाठी एजंटच्याच तोंडाकडे बघायची गरज नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी घरबसल्या बघता येतात. एक रेडी रेकनर, म्हणजे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता. आपला विभाग आणि सर्व्हे नंबर टाकला की मोकळी जागा, निवासी, दुकान असे सरकारी दर दिसतात. हा विक्रीचा भाव नव्हे. खरेदीदाराचं मुद्रांक शुल्क ज्यावर मोजतात तो आकडा. पण तो माहीत असावा, कारण व्यवहार त्याच्या बराच खाली झाला तर आयकर खातं तुमचा नफा तुमच्या आकड्यावर न मोजता त्या सरकारी आकड्यावर मोजू शकतं. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. दुसरी गोष्ट ई-सर्च. त्यात आजूबाजूच्या नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २ बघायला मिळते. 'इंडेक्स टू' म्हणतात ती हीच. त्यात क्षेत्र, तारीख, मोबदला आणि बाजारभाव असतो. तुमच्या भागातले पाच-सहा दस्त काढा. मोबदल्याचा रकाना थोड्या शंकेनंच वाचा, कारण सगळेच व्यवहार पूर्ण पांढऱ्यात होत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरीही पाच दस्त एकाच ठिकाणी घोटाळत असतील, तर ८५ कुठून आले हे ८५ वाल्याला विचारता येतं.

दादांचं म्हणणं काय असणार ते मला माहीत आहे. 'सांगू दे की ८५, नाही आले तर खाली येऊ, आपलं काय जातंय?' जातं. जुनं घर फुगवलेल्या भावानं सहा-आठ महिने पडून राहिलं की बाजारात त्याचं नाव होतं. 'ते गावभागातलं ना? वर्ष झालं, जात नाहीये, काहीतरी भानगड असणार.' मग जो गिऱ्हाईक येतो तो पाडूनच मागतो. आणि समजा ८५ ला कोणी तयार झालाच, तर तो बहुतेक कर्ज काढणारा असेल. त्याची बँक स्वतःचा व्हॅल्युअर पाठवते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ७५ लाखांच्या वरच्या गृहकर्जाला किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, आणि किंमत धरतात ती व्हॅल्युअरची. तो ६८ म्हणाला की कर्ज ६८ वरच मोजलं जातं. वरचे सगळे गिऱ्हाइकानं पदरचे घालायचे. माझ्या टेबलावर असे कितीतरी व्यवहार मोडले. इसार झालेला, घरात पेढे वाटलेले, आणि मग 'साहेब, बघा ना काही होतंय का' म्हणत नवरा-बायको समोर बसलेले. विकणाराही तिकडे अडकलेला, कारण त्यानं इसाराच्या जोरावर दुसरीकडे टोकन देऊन ठेवलेलं.

म्हणून माझं मत: सरकारमान्य व्हॅल्युअरकडून एक रिपोर्ट करून घ्या. फी लागते, पण त्याला तुमचं घर विकायचं नसतं, त्यामुळे आकडा फुगवायचं वा पाडायचं कारणही नसतं. शिवाय एक असा फायदा आहे जो कुठल्याही एजंटच्या तोंडी आकड्यानं मिळत नाही. घर २००१ च्या आधीचं आहे. भांडवली नफ्याचा कर मोजताना १९८४ चा खर्च न धरता १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरता येते. त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या वर मात्र नाही. ती किंमत ठरवायला व्हॅल्युअरचाच कागद लागतो. त्याला आजचं आणि २००१ चं, दोन्ही तारखांचं मूल्यांकन एकदमच करायला सांगा. २३ जुलै २०२४ च्या आधी मिळालेल्या घरासाठी महागाईचा निर्देशांक न लावता साडेबारा टक्के किंवा निर्देशांक लावून वीस टक्के, यातला कमी बसेल तो कर भरायची मुभा आहे. तुम्हा तिघांना आपापल्या हिश्शापुरताच कर लागेल. इसार घेण्याआधी सीएसोबत तासभर बसा, नंतर नव्हे. आणि 'अर्धे रोख घ्या, कर वाचेल' असं कोणी सुचवलं तर: स्थावर मालमत्तेच्या विक्रीपोटी वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो.

आता त्या पेराकडे येते. आईंना ते वाक्य लागलं, आणि लागणारच. पण ते वाक्य धड खरंही नाही. स्लॅबच्या घराचं आयुष्य व्हॅल्युअर साधारण साठ वर्षं धरतात, शेवटी दहा टक्के भंगारमूल्य. तुमच्या घराची चाळिशी उलटली आहे, म्हणजे साठेक टक्के घसारा गेला. समजा बांधकाम चौदाशे चौरस फूट आहे आणि आज तसंच बांधायचा खर्च चौरस फुटाला अठराशे धरला, तर होतात पंचवीस लाख. त्यातले चाळीस टक्के म्हणजे दहा लाख. हे कागदावरचे, आणि दर मी उदाहरणासाठी घेतलाय. बाजारात काय होतं? पाडून नवं बांधणारा गिऱ्हाईक आला तर त्याच्या लेखी घर म्हणजे पाडायचा खर्च, उलट तोच वजा करतो. राहणारा गिऱ्हाईक आला तर त्याला दहाच्या जागी बारा द्यायलाही जड जात नाही, कारण उद्या सामान टाकून राहायला येता येतं. दुसऱ्या एजंटनं मनात पहिला गिऱ्हाईक धरला आणि आईंना तोच एक आहे असं सांगितलं.

पण थांबा. गावभागात तो पाडून बांधणारा गिऱ्हाईक खरंच आहे का? इथं पुराचा प्रश्न येतो, आणि दादांचा बेत मला नेमका इथंच पटत नाही. नदीकाठच्या शहरांत जलसंपदा विभागानं पूररेषा आखलेल्या असतात: नदीजवळची निळी, तिच्या पलीकडची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नव्या बांधकामाला जवळजवळ मनाईच असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते. जागेचा सगळा भाव 'इथं उद्या काय बांधता येईल' यावर असतो. म्हणून महापालिकेच्या नगररचना विभागातून तुमच्या मिळकतीचा झोन दाखला आणि भाग नकाशा आधी काढा. घर निळ्या रेषेच्या आत निघालं, तर तीन हजार आठशेचा दर हवेतला आहे आणि उभं असलेलं घर हीच तिथली मोठी किंमत आहे, एजंट म्हणाला त्याच्या बरोब्बर उलट. बाहेर निघालं, तर तो दाखला फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा. ८५ वाला ८५ म्हणाला तेव्हा त्यानं हा दाखला बघितला होता का? ६२ वाल्यानं? मग सध्या आपण सगळे मिळून बाजारातल्या तुरींवर भांडतोय.

राहता राहिलं पुराचं लपवणं. ताई, ही सांगली आहे. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तो आठवडा ज्यानं इथं काढला त्याला गावभागातल्या घराचा पत्ता सांगितला की तो पहिला प्रश्न खोल्यांचा विचारत नाही. विचारतो, 'पाणी कुठवर आलं होतं?' कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. त्यातूनही बाहेरगावचा, काही माहीत नसलेला कोणी गळाला लागलाच, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ सालचा, विकणाऱ्यावर हे बंधन घालतो की साधी काळजी घेऊनही खरेदीदाराला दिसणार नाही असा मोठा दोष त्याला सांगायचा. रंगाच्या दोन हातांखाली पुराच्या पाण्याची रेघ झाकणं म्हणजे दोष दिसणार नाही याची स्वतःच व्यवस्था करणं. उद्या वाद कोर्टात गेला तर त्याला तुमच्याकडे उत्तर नाही.

उलट करा. दोन्ही वेळचं पाणी जमिनीपासून किती आलं ते टेपनं मोजून लिहून ठेवा. पुरानंतर काय काय केलंत त्याची यादी करा: कुठलं प्लास्टर पाडून नवं केलं, वायरिंग कधी बदललं, पाण्याचा पंप कुठं हलवला. स्विचबोर्ड आहेत तिथंच, वर राहू द्या. बाहेरच्याला ते विचित्र दिसतील, पण गावभागात घर घेणाऱ्याला ते बघून बरंच वाटेल. त्याला तो खर्च करावा लागणार नाही, आणि या घरात काय होतं आणि त्यावर काय केलं हे मालकाला कळतं, हेही त्याला दिसतं. रंगाचे पैसे वाचवा. गळणारी गच्ची असेल तर तिच्यावर घाला. जुन्या घरात ओल दिसली की गिऱ्हाईक लाख-दोन लाख मनातल्या मनात वजा करतो, आणि दुरुस्तीला लागतात त्याच्या निम्मे.

एजंटांबद्दल आणखी थोडं. महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी आहे का, असं विचारायला तुम्हाला कोणी सुचवलं असेल. ती नोंदणी लागते नव्या, नोंदणीकृत प्रकल्पांतली घरं विकायला. तुमच्यासारख्या जुन्या स्वतंत्र घरासाठी ती बंधनकारक नाही. असली तर चांगलंच, नसली म्हणून माणूस लबाड ठरत नाही. एकाच एजंटला घर द्यायचं झालं तर मुदत लिहून घ्या, तीन महिने ठीक. आणि ५५ वाल्याला दारातून परत पाठवू नका. तिघांत खरा गिऱ्हाईक हातात असलेला कदाचित तोच आहे. झोन दाखला आणि व्हॅल्युअरचा रिपोर्ट हातात आला की त्याला फोन करा आणि म्हणा, 'तुमची पार्टी घेऊन या.' समोरासमोर बसल्यावर ५५ चे किती होतात ते बघा.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, 'निर्णय आई आणि दादा घेतील, मी नुसती चौकशी करतेय.' हे मी दोनदा वाचलं. घर वडिलांच्या स्वकष्टाचं, मृत्युपत्र नाही, म्हणजे हिंदू वारसा कायद्यानं आई, दादा आणि तुम्ही, तिघांचा सारखा हिस्सा. एक तृतीयांश घर तुमचं आहे. तुमच्या सहीशिवाय ते पूर्ण विकलंच जात नाही. तुम्हाला पैसे नको असतील, हिस्सा आईला द्यायचा असेल तर जरूर द्या, त्यासाठी हक्कसोडपत्र असतं. पण ते ठरवून द्या. संकोचानं, न बोलता, आपोआप नको. बहिणी चौकशीची धावपळ करतात, कचेऱ्यांत रांगा लावतात आणि सहीच्या दिवशी 'तू फक्त इथं सही कर' एवढंच ऐकतात, हे मी टेबलाच्या पलीकडून फार वेळा बघितलंय. दादांच्या मनात वाईट आहे असं मुळीच नाही. पण मालक या नात्यानं 'पूर लपवायचा नाही' असं तुम्हीही म्हणू शकता. ती विनंती नसते.

आणि तिसरा हिस्सा आईंचा. पत्रात आईंची तब्येत आहे, त्यांचा राग आहे, त्यांचं वय आहे. त्यांना काय हवंय ते मात्र कुठंच नाही. घर विकून त्या जाणार कुठं, पुण्याला की बंगळुरूला? की सांगलीतच विश्रामबागेकडे, जरा उंचावर, एखाद्या लहानशा फ्लॅटमध्ये, जिथून त्यांच्या भिशीच्या बायका रिक्षानं येऊ शकतील? विश्रामबागेत दोन खोल्या भाड्यानं घेऊन जुलै ते सप्टेंबर तिथं काढायचे आणि गणपतीपुरतं गावभागात यायचं, असंही लोक करतात. ते परवडणारं आहे की नाही, हा हिशेबाचा भाग. पण हा प्रश्न त्यांना कोणी विचारला का? एजंटचं नाव त्या काढू देत नाहीत, ते कदाचित भिंतीवरच्या पेरामुळे नसेलही. विकायचं की नाही हे ठरायच्या आधीच कितीला विकायचं यावर घरात बोलणं सुरू झालं, त्यामुळे असेल.

हे फोनवर विचारू नका. पुढच्या खेपेला सांगलीला गेलात की संध्याकाळी, दादा व्हिडिओ कॉलवर नसताना विचारा. उत्तर लगेच आलं नाही तर थांबा. तोवर नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज तेवढा देऊन टाका. पाच वर्षं होत आली आणि मिळकत पत्रिकेवर अजून वडिलांचंच नाव आहे. वडिलांचा मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, तिघांची आधार कार्डं. घर विकलं तरी ती नोंद लागणार आहे, नाही विकलं तरी लागणारच आहे.